द्राक्षबागेतले रसायनशास्त्र: मुलांना मूलद्रव्य आणि संयुग कसे समजवावे

सातवी-आठवीच्या मुलाला मूलद्रव्य म्हणजे काय असे विचारले, तर उत्तर चटकन येते: ज्याचे आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही ते मूलद्रव्य. संयुगाची व्याख्याही पाठ असते. मग त्याच मुलापुढे मोरचुदाचा निळा खडा ठेवा आणि विचारा, हे काय आहे? पुष्कळ मुले अडखळतात. काही सांगतात, ‘सगळा खडा एकाच रंगाचा आहे, म्हणून मूलद्रव्य.’ पाठ केलेली व्याख्या हातातल्या वस्तूला लावता येत नाही, ही या पाठाची खरी अडचण आहे. पुढच्या वर्षी रेणुसूत्रे आणि रासायनिक समीकरणे आली की ती आणखी वाढते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शिक्षक-पालकांना ही अडचण सोडवायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात द्राक्षे, टोमॅटो, ऊस, कांदा पिकवणाऱ्या घरांत मोरचूद, चुना, गंधक, खतांच्या गोण्या यांतले काही ना काही असतेच. पश्चिमेच्या डोंगरात हिरडा आहे. खोडदला तर विश्वातल्या सर्वांत साध्या मूलद्रव्याचा माग काढणारी रेडिओ दुर्बीण उभी आहे. हे सगळे वर्गात कसे आणावे, कोणत्या क्रमाने आणावे आणि कुठे जपावे, ते या लेखात पाहू.

आधी कसोटी, मग व्याख्या

पहिल्या तासाला व्याख्या फळ्यावर लिहू नका. तीन प्रश्न लिहा आणि ते पूर्ण पाठभर पुसू नका.

१. हा पदार्थ फोडून त्याहून साधे पदार्थ मिळवता येतात का?
२. मिळालेल्या पदार्थांचे गुण मूळ पदार्थापेक्षा वेगळे आहेत का?
३. त्यांचे प्रमाण दर वेळी तेच असते का?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर ते मूलद्रव्य. तिन्हींची उत्तरे ‘होय’ आली तर ते संयुग. घटक वेगळे करता येतात, पण मिसळलेले असतानाही ते आपापले गुण राखून आहेत आणि प्रमाणही हवे तसे बदलता येते, असे असेल तर ते मिश्रण. मिश्रणाला तिसरी जागा सुरुवातीलाच द्यावी. नाहीतर मुले माती, दूध, हवा यांनाही संयुगाच्या खान्यात टाकतात.

ही कसोटी शास्त्रज्ञांनाही सहज मिळालेली नाही, हे मुलांना जरूर सांगा. फ्रान्सच्या लव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली. तिच्यात ३३ नावे होती आणि त्यांत चुनाही होता. चुना फोडण्याचा उपाय तेव्हा कोणाकडे नव्हता, म्हणून तो मूलद्रव्य ठरला. पुढे विजेचा प्रवाह हाताशी आला आणि १८०८ साली इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने चुन्यातून कॅल्शियम हा धातू वेगळा काढला. चुना यादीतून गेला, कॅल्शियम आले. आज मूलद्रव्यांची संख्या ११८ आहे. एखादा पदार्थ मूलद्रव्य आहे की नाही हे त्याच्या दिसण्यावरून ठरत नाही, तो फोडून पाहिल्यावरच ठरते, ही गोष्ट चुन्याच्या या कथेतून मुलांच्या मनात पक्की बसते.

पहिला प्रयोग: मोरचूद आणि खिळा

तीन काचेच्या बशा घ्या. एकीत सोललेली तांब्याची तार, दुसरीत भुरीसाठी वापरतात ती गंधकाची पिवळी भुकटी, तिसरीत मोरचुदाचे खडे. मुलांना रंग, चमक, पाण्यात विरघळणे या गोष्टींची नोंद करू द्या. तांबे लालसर, चमकदार, वाकणारे. पाण्यात विरघळत नाही. गंधक पिवळे; तेही विरघळत नाही. मोरचूद निळे, स्फटिकी आणि पाण्यात सहज विरघळणारे. आता सांगा की तिसऱ्या बशीत पहिल्या दोन्ही बशांतली मूलद्रव्ये आहेत, शिवाय ऑक्सिजन आणि हायड्रोजनही आहेत. मुले विश्वास ठेवणार नाहीत, आणि प्रयोगाची गरज इथेच निर्माण होते.

काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चहाचा अर्धा चमचा मोरचूद विरघळवा. लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि अर्धा बुडेल असा दोऱ्याने टांगा. थोड्याच वेळात बुडालेल्या भागावर लालसर थर दिसू लागतो. तो गंज नाही, तांबे आहे. निळ्या खड्यात जे डोळ्यांना दिसत नव्हते ते बाहेर आले. पेला एक-दोन दिवस ठेवला तर द्रावणाचा निळा रंग फिका होऊन हिरवट होत जातो. खिळ्यातले लोखंड द्रावणात उतरते आणि तांब्याची जागा घेते. त्या हिरवट द्रावणात आता हिराकस, म्हणजे लोह, गंधक आणि ऑक्सिजन यांचे संयुग असते.

द्राक्षबागायतदार ही परीक्षा वर्षानुवर्षे करत आले आहेत. केवडा रोगासाठी १ टक्क्याचे बोर्डो मिश्रण करताना १ किलो मोरचूद, साधारण तेवढाच चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मिश्रण जमले की नाही हे पाहायला त्यात लोखंडी विळा किंवा सळई थोडा वेळ बुडवून बाहेर काढतात. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळे मोरचूद शिल्लक आहे, आणखी चुन्याची निवळी घालायला हवी. थर आला नाही तर फवारणीला हरकत नाही. चुन्याशी संयोग झाल्यावर तांबे न विरघळणाऱ्या संयुगात अडकते आणि लोखंडावर बसत नाही. ज्या मुलाच्या घरी बाग आहे त्याला वडिलांकडून किंवा आजोबांकडून ही परीक्षा विचारून यायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभे करा. त्याच्या घरातले ज्ञान आणि पुस्तकातला धडा एकच आहेत, हे त्याला आणि साऱ्या वर्गाला कळेल.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे प्रमाणाचे उत्तरही मोरचूदच देते. शुद्ध मोरचूद १ किलो घेतले तर त्यात तांबे सुमारे २५५ ग्रॅम, गंधक १२८ ग्रॅम, ऑक्सिजन ५७७ ग्रॅम आणि हायड्रोजन ४० ग्रॅम असतो. नारायणगावच्या दुकानातून आणा की नाशिकहून, हे प्रमाण बदलत नाही. फ्रान्सच्याच जोसेफ प्रूस्टने १७९९ च्या सुमारास तांब्याच्याच दुसऱ्या एका संयुगावर काम करून हा नियम मांडला. खाणीतले आणि प्रयोगशाळेत बनवलेले कॉपर कार्बोनेट त्याने तपासले आणि दोन्हींतले घटकांचे प्रमाण सारखेच निघाले.

इथे सुरक्षिततेचे नियम सैल सोडू नका. मोरचूद पोटात गेले तर विषारी आहे. खडे शिक्षकांनीच काढावेत, हातमोजे घालावेत, स्वयंपाकाचे भांडे वापरू नये आणि प्रयोगानंतर साबणाने हात धुवावेत. उरलेले द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. तांब्याची संयुगे माशांना घातक असतात. कीटकनाशके ठेवलेल्या शेडमध्ये मुलांनी एकट्याने जाऊ नये, हे पालकांनीही कटाक्षाने पाळावे.

दुसरा प्रयोग: पाणी फोडणे

पाणी हे मुलांच्या सर्वांत ओळखीचे संयुग आहे, पण त्यात दोन वायू आहेत यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी घ्या, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांनी तासून पुठ्ठ्यातून खाली सोडा आणि वरच्या टोकांना ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा जोडा. दोन्ही शिशांवर बुडबुडे येतील. ऋण टोकाकडे हायड्रोजन, धन टोकाकडे ऑक्सिजन. शाळेत परीक्षानळ्या असतील तर त्या पाण्याने भरून शिशांवर उपड्या धरा. हायड्रोजन ऑक्सिजनच्या जवळजवळ दुप्पट जमतो. थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो आणि थोडा शिशाच्या कार्बनशी संयोग पावतो, त्यामुळे आकडा तंतोतंत दुप्पट आला नाही तरी बिचकू नका.

सोड्याऐवजी मीठ घालू नका, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. घरातल्या विजेच्या प्लगला हा प्रयोग कधीही जोडू नका. जमलेला वायू पेटवून पाहण्याचा आग्रह मुले धरतील, तोही मोडून काढा.

आता गुणांची तुलना करा. हायड्रोजन पेटणारा वायू, ऑक्सिजन जळायला मदत करणारा वायू, आणि दोघांचे संयुग आग विझवणारे पाणी. संयुग होताना घटकांचे गुण नाहीसे होऊन नवे गुण येतात, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण. वजनाने पाहिले तर पाण्यात १ भाग हायड्रोजनला ८ भाग ऑक्सिजन असतो, मग ते डिंभे धरणातले असो वा कुकडीच्या कालव्यातले. धरणाच्या पाण्यात गाळ आणि क्षार मिसळलेले असतात, म्हणून धरणाचे पाणी हे मिश्रण. त्यातले शुद्ध पाणी मात्र संयुग. हा फरक मुलांकडून वदवून घ्या.

तिसरा प्रयोग: चुन्याची निवळी आणि हिरड्याची शाई

पानाला लावतात तो चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. वर येते ती स्वच्छ निवळी दुसऱ्या पेल्यात काढा आणि नळीने तिच्यात हळूहळू श्वास सोडायला सांगा. निवळी दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि निवळीतला चुना यांच्यापासून कॅल्शियम कार्बोनेट तयार झाले, चुनखडी हीच. भट्टीत चुनखडी तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की विरलेला चुना होतो. त्याला पुन्हा कार्बन डायऑक्साइड मिळाला की परत चुनखडी. तीन वेगळी संयुगे, आणि कॅल्शियम तिन्हींत. मुलांना हे चक्र वहीत काढू द्या. फुंकर फार वेळ चालू ठेवली तर निवळी पुन्हा स्वच्छ होते, म्हणून दुधाळ झाल्यावर थांबायला सांगा. निवळी ओढून तोंडात घेऊ नये आणि डोळ्यांना लागू देऊ नये. कळीचा चुना मात्र मुलांच्या हाती देऊच नका. पाण्याशी संपर्क येताच तो प्रचंड तापतो आणि कातडी व डोळे भाजतो.

भीमाशंकर, आहुपे किंवा जुन्नरच्या पश्चिमेकडील शाळांना द्राक्षबाग जवळ नसते, पण हिरडा असतो. महादेव कोळी कुटुंबे गोळा करतात तो बाळहिरडा इथे उपयोगी पडतो. चार-पाच बाळहिरडे ठेचून पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा आणि गाळा. पिवळसर तपकिरी पाणी मिळेल. दुसऱ्या पेल्यात खतांच्या दुकानात मिळणारा चिमूटभर हिराकस विरघळवा. ते पाणी फिकट हिरवे असते. दोन्ही एकत्र करताच काळसर निळी शाई तयार होते आणि तिने कागदावर लिहिताही येते. खिळ्याच्या प्रयोगातल्या द्रावणाचा निळा रंग पूर्ण गेला असेल तर त्याचे काही थेंब हिरड्याच्या पाण्यात टाका. तेही काळे पडते. खिळ्यातले लोखंड द्रावणात उतरल्याचा हा पुरावा मुलांना फार आवडतो. जुन्नर एके काळी हाताने बनवलेल्या कागदासाठी प्रसिद्ध होते, हेही याच वेळी सांगता येईल. त्या कागदातला सेल्युलोज हेसुद्धा कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुगच.

या प्रयोगातून एक नवी गोष्ट कळते. हिरड्यातले टॅनिन हे संयुग, हिराकस हेही संयुग, आणि दोघांपासून तिसरेच संयुग झाले. संयुग तयार व्हायला दर वेळी सुटी मूलद्रव्येच लागतात असे नाही. शाईचे डाग कपड्यांवरून सहसा जात नाहीत, तेवढे सांभाळा.

खताच्या गोणीवरचे गणित

प्रयोगांनंतर एक तास गणितासाठी ठेवा. मुलांना घरच्या खतांच्या रिकाम्या गोण्यांवरचा मजकूर उतरवून आणायला सांगा. शेतकरी ज्यांना नत्र, स्फुरद, पालाश म्हणतात त्यांपैकी नत्र म्हणजे नायट्रोजन आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस ही मूलद्रव्ये आहेत, आणि पालाशाचा संबंध पोटॅशियम या मूलद्रव्याशी आहे. गोणीत मात्र ही मूलद्रव्ये सुटी नसतात, संयुगांच्या रूपात असतात. सुटा पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो आणि सुटा पोटॅशियम पाण्यात पडताच भडकतो. ते गोणीत भरणे शक्यच नाही. मूलद्रव्य आणि त्याचे संयुग यांच्यातला फरक एवढ्यावरून लक्षात यावा.

युरियाच्या रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. अणुवस्तुमाने घेऊन बेरीज केली तर १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, म्हणजे ६०. त्यांपैकी नायट्रोजन २८. शेकडा प्रमाण ४६.७ येते आणि गोणीवर ४६ टक्के नत्र छापलेले असते. ४५ किलोच्या गोणीत नत्र २०.७ किलो. पुस्तकातले रेणुसूत्र आणि गोणीवरचा आकडा जुळला की मुलांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

मोठ्या मुलांना पुढची पायरी द्या. डीएपीच्या गोणीवर १८:४६:० असे असते. त्यातले ४६ हे सुट्या फॉस्फरसचे प्रमाण नाही. खतांच्या व्यवहारात स्फुरद हे फॉस्फरस पेंटॉक्साइड या संयुगाच्या हिशेबात मोजण्याची जुनी रीत आहे. त्याला ०.४४ ने गुणले की फॉस्फरस मिळतो. म्हणजे ५० किलोच्या गोणीत हिशेबाचे स्फुरद २३ किलो, तर प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे १० किलो. पालाशही पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबात मोजतात. त्याला ०.८३ ने गुणावे.

जमीन आरोग्य पत्रिका घरी असेल तर तीही वर्गात आणा. तिच्यावर १२ बाबी असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन या नोंदींतून मूलद्रव्ये ओळखायला सांगा. सामू आणि विद्युत वाहकता हे मातीचे गुणधर्म आहेत, पदार्थ नाहीत. सेंद्रिय कर्ब म्हणजे मातीतल्या असंख्य संयुगांत असलेला कार्बन. पत्रिका समजून घ्यायला नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांची मदत मागता येईल.

मूलद्रव्य आणि संयुग यांच्यातला फरक पिकाच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असूनही टोमॅटोचे रोप तो घेऊ शकत नाही. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हा बंध तोडून नायट्रोजनची संयुगे बनवतात. भुईमुगाचे रोप मातीसकट उपटून त्या गाठी मुलांना दाखवा. कारखान्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर करण्याची पद्धत जर्मनीत १९१३ साली सुरू झाली आणि आजचा युरिया तिच्यावरच उभा आहे. नत्राचा साठा डोक्यावर असूनही शेतकऱ्याला गोणी का विकत घ्यावी लागते, याचे उत्तर मूलद्रव्य आणि संयुग यांच्या फरकात आहे.

खोडदची दुर्बीण: हायड्रोजनची खूण

नारायणगावजवळच्या खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. या परिसरातल्या मुलांनी त्या लांबून पाहिलेल्या असतात, पण त्यांचा आपल्या विज्ञानाच्या धड्याशी संबंध आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

संबंध असा आहे. हायड्रोजनचा सुटा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडू शकतो. अवकाशातून ही लहर आली की तिथे सुटा हायड्रोजन आहे हे कळते. तोच हायड्रोजन पाण्याच्या रेणूत बांधला गेला की ही खूण देत नाही. पाण्याचा रेणू आपली वेगळी लहर सोडतो. संयुगात गेल्यावर मूलद्रव्याची जुनी ओळख पुसली जाते, हे आपण पेन्सिलीच्या प्रयोगात पाहिले. तेच तत्त्व आकाशगंगांनाही लागू आहे. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या संशोधनात खोडदच्या याच दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर टिपली होती. विश्वाच्या प्रसरणामुळे ती ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली होती.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास दुर्बीण पाहायला खुली असते आणि शाळांचे विज्ञान प्रदर्शनही तिथे भरते. तारखा आधी विचारून घ्या आणि शक्यतो हा पाठ त्याआधी संपवा. मुलांना जाताना एक प्रश्न लिहून न्यायला सांगा: ‘तुम्ही हायड्रोजन कसा ओळखता?’ मोबाइलच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात, म्हणून तिथल्या सूचना काटेकोर पाळायला शिकवणे हाही या सहलीचा भाग समजा.

नेहमी होणारे गोंधळ

*रेणू म्हणजे संयुग.* हा सर्वांत मोठा गोंधळ. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, पण दोन्ही ऑक्सिजनचेच, म्हणून ते मूलद्रव्य. रेणूत किती अणू आहेत हे मोजू नये, किती प्रकारचे आहेत हे पाहावे.

*शुद्ध म्हणजे मूलद्रव्य.* बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी शुद्ध असते, तरी ते संयुगच. शुद्ध साखरही संयुग. १ किलो साखरेत सुमारे ४२० ग्रॅम कार्बन असतो. शिक्षकांनी परीक्षानळीत चिमूटभर साखर तापवून दाखवली तर नळीच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब आणि तळाशी काळा कोळसा दिसतो.

*चुंबकाला चिकटते ते लोखंड.* कुकडी, मीना, घोड नद्यांच्या वाळूत चुंबक फिरवला तर काळे कण चिकटतात. ते सुटे लोखंड नाही. आपल्या बेसाल्ट खडकातून झिजून आलेले मॅग्नेटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे.

*पितळ हे संयुग.* पितळात तांबे आणि जस्त असते आणि त्यांचे प्रमाण कारागीर गरजेप्रमाणे बदलतो. प्रमाण ठरलेले नाही, म्हणून ते मिश्रण, संमिश्र.

*रसायन म्हणजे विष.* फवारणीच्या संदर्भात हा शब्द ऐकून मुलांची तशी समजूत होते. पाणी, मीठ, साखर हेही रासायनिक पदार्थच आहेत. घातक काय आणि किती प्रमाणात, हे स्वतंत्रपणे शिकवावे.

*संज्ञेतली मोठी-लहान अक्षरे.* इंग्रजी मोठा सी आणि मोठा ओ लिहिला तर कार्बन मोनॉक्साइड हे विषारी संयुग होते. सी मोठा आणि ओ लहान लिहिला तर कोबाल्ट हे मूलद्रव्य. मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या वेगवेगळ्या संज्ञा मोजा, तितकी मूलद्रव्ये त्या सूत्रात आहेत, ही युक्ती मुलांना सूत्र वाचताना फार उपयोगी पडते.

समजले की नाही, हे कसे पाहावे

चाचणीत व्याख्या विचारू नका. वर्गात वर्गीकरण न केलेल्या वस्तू द्या आणि प्रत्येकीपुढे मूलद्रव्य, संयुग किंवा मिश्रण लिहून कारण मागा. उदाहरणार्थ ॲल्युमिनियमची तार, खाण्याचा सोडा, उसाचा रस, थर्मामीटरमधला पारा, गंज, शेतातली काळी माती, कोळसा. तार आणि पारा मूलद्रव्ये, सोडा संयुग, रस आणि माती मिश्रणे. गंजात लोह, ऑक्सिजन आणि पाणी यांची संयुगे असतात. कोळशावर वाद होऊ द्या. त्यात मुख्यतः कार्बन असतो, पण राख होणारे इतर पदार्थही असतात, म्हणून तो शुद्ध मूलद्रव्य नाही. कारण बरोबर असेल आणि उत्तर थोडे चुकले असेल तरी गुण द्या. कारणाशिवाय आलेल्या बरोबर उत्तराला कमी गुण द्या. एवढा एक बदल केला तरी पाठांतर मागे पडते आणि मुले विचार करू लागतात.

वेळेचा अंदाज हवा असेल तर तीन बशा आणि खिळ्याला एक तास, पाण्याला एक, निवळी व शाईला एक, गोणीच्या गणिताला एक आणि गोंधळ सोडवायला एक, असे पाच तास धरा. वेळ कमी असेल तर शाई वगळा, खिळा आणि गोणी वगळू नका. खिळ्याच्या प्रयोगात मूलद्रव्य संयुगातून डोळ्यांदेखत बाहेर येते. गोणीच्या गणितात संयुगातल्या मूलद्रव्याचे वजन काढता येते.

या तालुक्यांतली बरीच मुले मोठेपणी शेती करतील, फवारणीचे लेबल वाचतील, खताची निवड करतील. काही जण औषधनिर्मितीत, काही जण खोडदसारख्या केंद्रांत जातील. यात कोणती मूलद्रव्ये आहेत, ती कोणत्या संयुगात आहेत आणि किती आहेत, हे तीन प्रश्न त्यांना प्रत्येक ठिकाणी विचारावे लागतील. ते विचारण्याची सवय बाराव्या-तेराव्या वर्षी लागली तर ती आयुष्यभर टिकते, आणि ती लावणे आपल्या हातात आहे. येत्या आठवड्यात एक खिळा, अर्धा चमचा मोरचूद आणि एक पेला पाणी घेऊन सुरुवात करा.